माझ्या अंगावरचा दुसरा आकडा

मित्रांनो, मी एक जुना जॅक आहे. गाडीचं चाक काढायचं असलं की तिला खालून उचलून धरतो ना, तो लोखंडी बाटलीसारखा बुटका गडी म्हणजे मी. आज माझा दट्ट्या वाकलेला आहे, तळाची, दाब सोडायची चावी तुटली आहे आणि पोटातलं तेल केव्हाच वाहून गेलं आहे. माझ्या बुडाशी एक काळपट डाग दिसतो. येणारेजाणारे त्याला गंज समजतात. ते रक्त आहे, आणि जिला मी लहानाची मोठी होताना पाहिलं त्या मुलीचं आहे. ते तिथे कसं आलं, हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्मच मारहाणीत झाला. लाल होईपर्यंत तापवलं, मग वरून घण. जरा थंड झालो की पुन्हा भट्टी, पुन्हा घण. पोट पोखरून त्यात तेल भरलं आणि शेवटी परीक्षा म्हणून माझ्या डोक्यावर साडेचार टनांचं ओझं ठेवलं. माझ्या रांगेतल्या दोघांची पोटं तिथेच फुटली. त्यांच्यासाठी कुणी हळहळत बसलं नाही, भंगाराच्या डब्यात टाकलं. मी टिकलो म्हणून मला निळा रंग मिळाला आणि अंगावर दोन ओळी ठोकल्या गेल्या. वरची मोठी, "३ टन". खालची बारीक, "१९ ते ३७ सेंटीमीटर". पहिला आकडा माझी ताकद सांगतो आणि दुसरा माझी उंची. मी एकोणीसपासून सदतीसपर्यंत वाढू शकतो, त्यापुढे एक बोटही नाही. ताकदीचा आकडा सगळे वाचतात. उंचीचा आकडा वाचणारा माणूस मला उभ्या आयुष्यात एकच भेटला.

तो म्हणजे बाबा. मी त्यांच्या नव्या पिकअपबरोबर आलो आणि सीटमागच्या पत्र्याच्या पेटीत राहू लागलो. बाबा दगडखाणीतून फरश्या भरायचे आणि बांधकामांवर पोचवायचे. हा धंदा हातपाय मागतो. खाणीत सुरुंग उडाला की पेटीत माझे दात वाजायचे, दात नसले तरी. फरशी निसटली की कुणाचा तरी अंगठा गेलाच म्हणून समजा. बाबांची डावी करंगळी अशीच एका फरशीखाली राहिली होती. म्हणूनच की काय, चाक बदलताना ते कधी घाई करायचे नाहीत. आधी दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. मग मला घट्ट जमिनीवर बसवायचे. चाक निघालं की ते बाजूला टाकायचे नाहीत, लगेच आडवं करून गाडीच्या चासीखाली, म्हणजे सांगाड्याखाली, सरकवायचे. जॅक सटकला तरी गाडी चाकावर पडेल, माणसावर पडणार नाही. खाणीवरचे सगळे जुने चालक असंच करायचे.

बाबांना दोन मुलं. थोरली ताई आणि धाकटा. आई लवकर गेलेली, त्यामुळे दोघं गाडीतच वाढली म्हणा ना. ताई विसाव्या वर्षी बाबांइतकी सफाईने गाडी हाकायला लागली. भरलेली गाडी घाटातून उतरवताना ती क्लचवर पाय असा ठेवायची की मागच्या फरश्यांचा आवाजसुद्धा यायचा नाही. धाकटा अंगाने दणकट आणि डोक्याने गरम. त्याच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असायचा.

धाकटा अठरा वर्षांचा असताना बाबांनी त्याला चाक बदलायला लावलं. त्याने चाक काढलं, भिंतीला टेकवलं आणि खाली डोकं घालून बघायला लागला. बाबांनी त्याला कॉलर धरून बाहेर ओढला आणि अशी मुस्कटात मारली की त्याचा ओठ फुटला. मग त्याचाच जेवणाचा डबा उचलून, जिथे त्याचं डोकं होतं बरोबर तिथे ठेवला.

"हे तुझं डोकं," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझी चावी सोडली.

मी खाली बसलो, गाडी माझ्याबरोबर बसली, आणि डबा आतल्या जेवणासकट चपटा झाला. बाबांनी तो धुऊन शेडच्या भिंतीवर खिळ्याला लटकवला. धाकटा ओठ पुसत बघत राहिला. खरं सांगू का मित्रांनो, मला ती मुस्कटात आवडली नाही. मार खाऊन लोखंड सरळ होतं हे मला माहीत आहे, पण धाकट्याला त्या दिवसाचा धडा आठवला नाही, फक्त फुटलेला ओठ आठवला.

यानंतरची आठ-नऊ वर्षं बरी गेली. मग लाल गाडीवाला आला. तो खाणीवरचाच दुसरा चालक. त्याची गाडी आमच्यापेक्षा मोठी, पुढे लोखंडी नळ्यांचं कुंपण लावलेली. एका दुपारी वजनकाट्यापुढे रांग होती. बाबा गाडीत बसून होते, ताई आणि धाकटा पावती आणायला गेले होते. लाल गाडीवाल्याला घाई होती. त्याने दोनदा हॉर्न दिला. बाबा हलले नाहीत, कारण पाळी त्यांची होती. तेव्हा त्याने आपली गाडी आमच्या गाडीला भिडवली आणि ढकलायला सुरुवात केली. चाकं घासत होती, बाबा ब्रेकवर उभे होते, पेटीत मी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत होतो. त्याने आम्हाला ढकलत ढकलत खड्ड्यात घातलं. मग काच फुटल्याचा आवाज आला. ती काच बाबांच्या डोक्याने फुटली होती.

त्या दिवसापासून बाबांचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. सगळं कळायचं, पण तोंडातून शब्दाऐवजी घोगरा आवाज यायचा. शेडच्या दारात खुर्ची टाकून ते रस्त्याकडे बघत बसायचे. लाल गाडीवाला खाणीवर सांगत फिरला की ब्रेक लागला नाही. काहींनी ते खरं मानलं, काहींनी कानाडोळा केला. धाकट्याच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. जेवताना, दाढी करताना, गाडी धुताना त्याच्या तोंडी एकच वाक्य असायचं.

"त्याची गाडी मोठी आहे ना? मी आपली त्याहून मोठी करतो. मग बघू कोण कुणाला ढकलतं ते."

ताई म्हणायची, "आणि ढकलून काय करशील?"

"बाबांचं काय झालं?" तो विचारायचा.

अशा रीतीने आमची पिकअप टायरवाल्याच्या दुकानात गेली. टायरवाला म्हातारा होता आणि उजव्या कानाने ठार बहिरा. टायर रिमवर बसवताना हवेच्या दणक्याने त्याचा तो पडदा गेला होता. ते तीन दिवस मी पेटी उघडी असल्यामुळे डोळ्यांनी पाहिले. आधी गाडी दोन खांबांच्या यंत्रावर चढवून तिचे स्प्रिंगचे पाटे सोडवले. गंजलेले नट निघेनात तेव्हा त्यांना आगीने भाजलं आणि छिन्नी लावून उडवलं. पाट्यांखाली जाड ठोकळे घालून गाडी चांगली वीतभर उंच केली. मग नवे टायर आणले. पस्तीस इंची, काळे, अंगठ्याएवढे नक्षीचे दात. एकेक उचलायला दोन माणसं लागायची.

रिमवर ते बसेनात. टायरवाल्याने कडेला साबणाचं पाणी फासलं, सगळ्यांना लांब उभं केलं आणि हवा सोडली. टायर फुगला, कण्हला, आणि मग दोनदा धाडधाड असे बार उडाले. पत्र्याच्या छपरावरची धूळ खाली आली. चार चाकं आणि एक जास्तीचं, असे दहा बार झाले. प्रत्येक बाराला धाकटा हसत होता.

चाकं बसवली तर ती मडगार्डला घासायला लागली. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर पत्र्यात घुसायचा. म्हणून मडगार्ड कापायचं ठरलं. ग्राइंडर पत्र्याला लागल्यावर गाडीने जो आवाज काढला तो माझ्या अजून अंगात आहे. ठिणग्या माझ्या पेटीपर्यंत आल्या. ज्या पत्र्यावर बाबा दर रविवारी ओलं फडकं फिरवायचे, त्याचे तुकडे फरशीवर पडले. आतली उभी शिवण उरली होती, ती धाकट्याने स्वतः घणाने ठेचून सपाट केली. शर्ट काढून, दातओठ खात, मोजता येणार नाहीत इतके घाव. तो कुणाचा चेहरा समोर ठेवून मारतो आहे हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होतं.

काम संपल्यावर टायरवाल्याने सगळे नट पान्याने आवळले आणि चांगला कान पुढे करून विचारलं, "गाडी उंच केलीस ते ठीक. जॅक कोणता ठेवलायस?"

"बाबांचा आहे की. तीन टनांचा."

"टन पुरतील रे. उंची पुरेल का?"

"काका, खाली लाकडाचे दोन ठोकळे ठेवले की झालं."

टायरवाल्याने मला पेटीतून उचललं, फिरवलं आणि डोळे बारीक करून माझी खालची ओळ वाचायचा प्रयत्न केला. चष्मा नव्हता. "उंच जॅक घे," एवढंच म्हणून त्याने मला परत ठेवलं. "आणि वळताना ब्रेकच्या नळीकडे बघ, टायर तिला लागतोय. ती मागे बांधून घे." ताई दारात उभी होती, तिने दोन्ही ऐकलं. धाकट्याने एकही ऐकलं नाही. तो गाडीपुढे उभा राहून तिच्याकडे मान वर करून बघत होता.

घरी आल्यावर बाबांनी गाडी पाहिली. खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. घशातून आवाज काढला आणि डावा हात भिंतीकडे केला, त्या चपट्या डब्याकडे. धाकट्याला वाटलं, बाबांना गाडी आवडली.

चौथ्या दिवशी सकाळी तो निघाला. ताई धावत येऊन शेजारच्या सीटवर बसली.

"तू कशाला येतेस?"

"खाणीवर भरायला चाललायस ना? मग मी येणारच."

गाडीच्या हौद्यात फरश्यांसाठी दोर नव्हते, लाकडी फळ्या नव्हत्या, काही नव्हतं. होतं फक्त जास्तीचं चाक. ताईला ते दिसलं होतं, आणि तो भरायला निघालेला नाही हेही कळलं होतं. खाणीच्या चढाला लागल्यावर ती म्हणाली, "तो माणूस मेला तर बाबांची वाचा परत येईल का?" धाकट्याने वेग वाढवला. वरच्या वळणावरून लाल गाडी रोज याच वेळी भरून उतरायची. रस्त्याच्या एका अंगाला कडा होता आणि दुसऱ्या अंगाला खाणीचा तळ. कोण कुणाला कुठे ढकलणार हे मला पेटीतही समजलं आणि माझं तेल थंड पडलं.

वळणाच्या अलीकडे धाकट्याने स्टिअरिंग जोरात फिरवलं. कापलेल्या मडगार्डचं एक टोक घण चुकवून राहिलं होतं. ते सुरीसारखं टायरच्या कुशीत शिरलं. फाडकन आवाज झाला, गाडी एका अंगावर कलली आणि घासत जाऊन उभी राहिली. धाकटा शिव्या देत खाली उतरला. हाताशी वेळ नव्हता. त्याने मला बाहेर काढलं, चढावरच, मुरमावर एकावर एक दोन ठोकळे ठेवले आणि त्यावर मला पुढच्या आसाखाली उभं केलं.

"चाकांना दगड लाव," ताई म्हणाली.

"हँडब्रेक ओढलाय."

तो माझा दांडा पंप करू लागला. तीस, बत्तीस, पस्तीस. फाटलेला टायर अजून जमिनीला टेकूनच होता. सदतीसला मी ताणून ताणून संपलो. तो आणखी दोनदा दाबत राहिला. माझं अंग थरथरत होतं आणि पायाखालचा ठोकळा डगमगत होता. मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो. चाक जेमतेम सुटलं. त्याने ते ओढून काढलं आणि रस्त्यावर टाकलं. तेव्हा त्याला दिसलं की ब्रेकची नळी घासून अर्धी झाली आहे. ब्रेकशिवाय त्याचा बेत फसणार होता. तो तार घेऊन आडवा झाला आणि डोकं, खांदे, छाती गाडीखाली घातली. नळीची कडी वाकवायला त्याने हातोडा उचलला.

"चाक खाली सरकवू दे आधी," ताई ओरडली. "बाहेर ये."

"तू गप बस गं जरा."

त्याने पहिला घाव घातला. ठोकळे हलले. ताईने चाक उचलायचा प्रयत्न केला, ते तिला एकटीला उचलण्यासारखं नव्हतं. मग ती रस्त्यावर बसली, दोन्ही पाय चाकाला लावले आणि पाठ मागे टेकून सगळ्या अंगाने रेटलं. दुसरा घाव. चाक हातभर सरकलं. ताईने पुन्हा रेटलं. तिसऱ्या घावाला वरचा ठोकळा खालच्यावरून घसरला.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात झालं. गाडी खाली आली. चासी चाकावर आदळली आणि रिम किंचाळली, पण तुटली नाही. धाकट्याच्या छातीवर वीतभर जागा उरली आणि दंड मात्र मधे अडकला. आणि मी, गाडीच्या वजनाखालून चिरडून बाहेर फेकला गेलो, तो सरळ ताईच्या डाव्या नडगीवर. हाड मोडताना मला स्वतःच्या बुडाला जाणवलं. ती ओरडलीसुद्धा नाही, आधी भावाचं नाव घेऊन विचारलं, "जिवंत आहेस ना?"

त्या जाडजूड टायरवर मी खूप राग धरून आहे, पण एक गोष्ट कबूल करायला हवी. जुनं बारीक चाक असतं तर धाकट्याची छाती वाचली नसती.

वरून हॉर्न ऐकू आला. लाल गाडी वळणावर आली होती, वाट अडलेली म्हणून तिचा चालक हॉर्न बडवत होता. मग हॉर्न थांबला. तो उतरला, आमची गाडी त्याने ओळखली, आणि क्षणभर तिथेच उभा राहिला. ताई त्याच्याकडे बघत होती. तिच्या चपलेत रक्त साठलं होतं. तो परत आपल्या गाडीकडे गेला. मला वाटलं, निघाला. तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर एक उंच, दणकट जॅक होता. त्याने आधी आमच्या मागच्या चाकांना दगड लावले. मग जॅक बसवला. गाडी उचलली आणि अडकलेला दंड सोडवला. नंतर गुडघ्यावर बसून आपला सदरा फाडून ताईची नडगी बांधू लागला.

"बाई, हलू नका," तो म्हणाला.

धाकटा बाहेर सरपटत आला. त्याच्यासमोर तो माणूस होता, पाठमोरा, मान खाली घातलेला. आणि हाताशी माझा लोखंडी दांडा पडला होता. धाकट्याने तो चांगल्या हाताने उचलला आणि डोक्यावर नेला. ताईने ते पाहिलं. तिने फक्त गाडीखालच्या चाकाकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे बघितलं. लाल गाडीवाल्यालाही सावली दिसली असणार. तो वळला नाही, गाठ मारत राहिला.

दांडा खाली आला तो माझ्यावर. एकदा नाही, तो मारतच सुटला. माझा दट्ट्या वाकला, चावी उडाली, तेल मुरमात सांडलं. तो रडत होता आणि मारत होता. "याच्यामुळे, याच्यामुळे," म्हणत होता. मित्रांनो, माझी चूक नव्हती हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. पण ते घाव दुसऱ्या कुणासाठी जपून आणलेले होते. ते माझ्या अंगावर पडले, हे चांगलंच झालं.

लाल गाडीतूनच दोघांना दवाखान्यात नेलं. त्या चालकाने पुढे पोलिसांना आणि खाणीवर सगळ्यांदेखत सांगितलं की त्या दिवशी ब्रेक लागला होता, त्यानेच मुद्दाम ढकललं होतं. पण तेवढ्याने बाबांची वाचा परत आली नाही. ताईचा पायही पहिल्यासारखा झाला नाही. नडगी जुळली, पण घोटा वळत नाही, क्लच दाबता येत नाही. घाटातून फरश्या न वाजवता गाडी उतरवणारी ती मुलगी आता शेजारच्या सीटवर बसते. गाडी धाकटा चालवतो. पाट्यांखालचे ठोकळे काढून ती पुन्हा पहिल्या उंचीवर आणली आहे आणि जुनी चाकं परत लावली आहेत. कापलेलं मडगार्ड मात्र तसंच आहे, ते त्याने भरून घेतलं नाही.

मला भंगारात देऊ दिलं नाही ते बाबांनी. धाकटा मला घेऊन निघाला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने त्याची बाही धरली आणि मला मांडीवर घेतलं. बोटाने माझ्या अंगावरची माती खरवडली, खालची ओळ मोकळी केली. मग त्यांनी मला चपट्या डब्याखालच्या फळीवर ठेवायला लावलं आणि खडू मागितला. उभ्या आयुष्यात डाव्या हाताने न लिहिलेल्या माणसाने भिंतीवर वाकडातिकडा "३७" लिहिला. धाकट्याने तो वाचला आणि मग बाबांच्या पायाशी येऊन बसला. त्या दिवशी बाबांनी त्याच्या त्याच फुटलेल्या ओठावरून अंगठा फिरवला.

आता रोज सकाळी गाडी काढण्याआधी धाकटा माझ्याकडे एकदा बघून जातो. खडू पुसट झाला की पुन्हा गिरवतो. मी कामाचा राहिलेलो नाही, पण फळीवर बसून दोन गोष्टी सांगू शकतो. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कुणावर चिडून काहीतरी मोठं, उंच करायला निघाल. तेव्हा तुमच्या पेटीतल्या मुक्या जॅकला एकदा हातात घ्या, माती पुसा आणि त्याच्या अंगावरचा दुसरा आकडा वाचा. आणि तुमची ताई म्हणाली की काढलेलं चाक आधी गाडीखाली सरकव, तर हातोडा खाली ठेवा आणि सरकवा.